सकाळी एअर धरणारी जुनी डिझेल पिकअप: कुठे बघायचं, कुठे थांबायचं

आधी लक्षणं.

रात्री बंद केलेली गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन गरगर फिरतं, पण पेट घेत नाही. अर्धा मिनिट, कधी पाऊण मिनिट सेल्फ खाल्ला की एक-दोन सिलेंडर पकडतात, गाडी लंगडत सुरू होते आणि थोड्या वेळाने साफ चालते. कधी उलटंही होतं. पटकन सुरू होते, पंधरा-वीस सेकंद छान चालते आणि गळा दाबल्यासारखी बंद पडते. एकदा नीट सुरू झाली की दिवसभर तक्रार नाही. बाजारात माल उतरवून तासाभराने चावी फिरवली तर अर्ध्या फेऱ्यात सुरू. टाकी भरलेली असताना त्रास कमी, डिझेल खाली गेलं की जास्त. उतारावर तोंड खाली करून लावली तर सकाळी सुरू होते, चढाकडे तोंड करून लावली तर होत नाही.

यातल्या तीन-चार गोष्टी जुळल्या तर गाडी एअर धरते आहे. टाकीपासून इंजिनाच्या डिझेल पंपापर्यंतच्या डिझेलच्या वाटेत कुठूनतरी हवा शिरते आणि रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरतं.

अजून एक लक्षण बघायचं राहू देऊ नका: सेल्फ मारताना सायलेन्सरमधून येणारा धूर. एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने मागे उभं राहावं. धूर अजिबात नाही, म्हणजे सिलेंडरपर्यंत डिझेल पोचतच नाही. मग हा लेख तुमच्यासाठी आहे. दाट पांढरा धूर येतो आणि तरी गाडी पेटत नाही, म्हणजे डिझेल पोचतंय पण जळत नाही. तिथे हिटर (थंड इंजिन तापवणारे ग्लो प्लग), टायमिंग, नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारतं ते) किंवा कॉम्प्रेशन बघावं लागतं. एअर काढत बसून काही होणार नाही.

हे सगळं जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांसाठी आहे, ज्यांना आमच्याकडे अजूनही मायको पंपाच्या गाड्या म्हणतात. कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, पण गॅरेजमध्ये कोणी ते नाव घेत नाही. तुमची गाडी कॉमन रेलची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची नवी डिझेल गाडी असेल तर यातलं काहीही करू नका. तिथे दाब हजार बारच्या वर असतो आणि पाइप सैल करून बघायची सवय त्या गाडीत जिवावर बेतू शकते.

नागपुरात हे दुखणं का जास्त दिसतं, याचं माझं उत्तर हवामानात आहे. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, नवतपाच्या नऊ दिवसांत तर बोनेटला हात लावता येत नाही. त्या उन्हात उभ्या गाडीचे रबरी पाइप सुकतात, कडक होतात, क्लिपखाली त्यांना केसासारख्या चिरा पडतात. मग येतो डिसेंबर. २०१८ च्या डिसेंबरअखेर इथे ३.५ अंशांपर्यंत उतरलं होतं. थंडीत तेच कडक रबर आक्रसतं आणि चीर उघडते. बिघाड उन्हाळ्यात होतो, कळतो हिवाळ्यात. आंबिया बहाराची संत्री बाजारात येतात ते हेच दिवस, आणि गाडी पहाटे चारला निघायला हवी असते तीही याच दिवसांत.

अशीच एक गाडी माझ्याकडे आली. काटोलकडच्या एका बागायतदाराची डीआय इंजिनची पिकअप, एमएच ४० पासिंग. २०१९ च्या दिवाळीनंतर बागेत कडुनिंबाखाली उभी केली ती पाच वर्षं तिथेच राहिली. टोचन करून आणली तेव्हा हौद्यात पानांचं खत झालं होतं, मागच्या चाकांचे ब्रेक ड्रमला चिकटले होते आणि टाकीत अर्धवट डिझेल होतं, वास सुटलेलं. ब्रेक, क्लच, वायरिंग, टायर, रेडिएटर सगळं करून दिलं. गाडी मोत्यासारखी चालायला लागली. आठव्या दिवशी पहाटे फोन आला, "भाऊ, सुरूच नाही होऊन राहिली गाडी. बॅटरी बसली." गेलो, एअर काढली, सुरू झाली. चार दिवसांनी पुन्हा तोच फोन. तिचं पुढे काय निघालं ते योग्य जागी सांगतो, कारण ते सापडायला मला तीन आठवडे लागले आणि मी क्रम पाळला असता तर तीन दिवस लागले असते.

पाना हातात घेण्याआधी

बॅटरी आणि सेल्फ बघा. फुकटात होतं. उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, आणि सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जायला नको. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर गरम पाणी ओता, घासा, कोरडं करून घट्ट करा. इंजिनपासून चेसिसला जाणारी अर्थची पट्टी बहुतेक जण विसरतात. पाच वर्षं उभ्या गाडीत ती हमखास गंजलेली असते. हे आधी करण्याचं कारण असं, की डिझेल इंजिन ठिणगीने पेटत नाही. हवा दाबून तापली तरच पेटतं आणि त्यासाठी इंजिन पुरेशा वेगाने फिरायला हवं. सेल्फ मंद असेल तर पुढच्या कुठल्याही तपासणीचा निकाल खोटा येतो. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट तरी थांबा. सेल्फ जळाला तर एअरपेक्षा मोठा खर्च बसतो.

मग स्टॉप केबल. जुन्या गाडीत ओढून बंद करायची केबल असते, ती गंजली की पंपावरचा लिव्हर पूर्ण परत येत नाही आणि पंप डिझेल देत नाही. बोनेट उघडून लिव्हर हाताने मागे ढकलून बघा. एवढ्याने गाडी सुरू झाली तर पुढचं वाचायची गरज नाही, केबल बदला. ज्या गाड्यांना स्टॉपसाठी सोलेनॉइड आहे तिथे चावी फिरवल्यावर 'टक' आवाज येतो का ते ऐका.

हिटर असतील तर टेस्ट लॅम्पने करंट येतो का बघा. पण आधी सांगितलं तसं, धूरच नसेल तर हिटरवर वेळ घालवू नका.

डिझेल किती आहे ते काट्यावर विश्वास न ठेवता बघा आणि लिहून ठेवा. रोज सकाळी दोनच गोष्टी वहीत लिहायच्या: टाकीत अंदाजे किती, आणि सुरू व्हायला किती सेकंद. आठवडाभराची ही नोंद मेकॅनिकच्या दोन तासांच्या मेहनतीइतकी कामाची असते. काटोलच्या गाडीचं उत्तर त्या नोंदीतच होतं, फक्त मी ती ठेवायला उशिरा सांगितली.

हँड पंपाची परीक्षा

सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच, आणि हिला एक पैसा लागत नाही. फक्त ती सकाळी, सेल्फला हात लावायच्या आधी करायची असते. एकदा सेल्फ मारला की पुरावा गेला.

इनलाइन पंपाच्या (सिलेंडरांचे दट्टे एका ओळीत असलेल्या) गाडीत फीड पंपावर, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपावर, हाताने डिझेल चढवायचा हँड पंप असतो, काही गाड्यांत तो फिल्टरच्या डोक्यावर असतो. त्याची मूठ सोडा आणि मारायला लागा. पहिल्या दोन-तीन दाबांतच हाताला दगडासारखं कडक लागलं, तर लाइन भरलेली आहे. रात्री डिझेल मागे गेलेलं नाही, दोष दुसरीकडे शोधा. पण वीस-तीस वेळा पोकळ, हवेत मारल्यासारखं लागलं, मग हळूहळू जड होत गेलं, आणि त्यानंतर सेल्फला गाडी लगेच सुरू झाली, तर निदान पक्कं. हवा शिरते आहे. आता प्रश्न फक्त जागेचा.

ही परीक्षा न करता लोक पंप उतरवून कामाला देतात. हजारो रुपये घालवून पंप परत येतो, बसवला की चार दिवस गाडी चांगली चालते, कारण बसवताना लाइन भरली गेली, वायसर (वॉशर) नवे पडले. मग पुन्हा तेच. अशी माणसं माझ्याकडे आली की वाईट वाटतं, कारण दोष बहुतेक वेळा दहा-वीस रुपयांच्या वस्तूत निघतो.

एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे शोध सोपा होईल. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाइन ओढीची आहे. तिथे भोक असलं तरी डिझेल बाहेर टपकत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. त्यामुळे "कुठे ओलं दिसत नाही, म्हणजे लीक नाही" हे तिथे लागू होत नाही. फीड पंपाच्या पुढे दाब असतो, तिथला लीक ओला दिसतो. आणि हवेने एवढं बिघडतं का? डिझेल दाबलं तर दबत नाही, हवा दबते. नोझल उघडायला दोनशे बारच्या आसपास दाब लागतो. पंपात हवेचा बुडबुडा असेल तर प्लंजर (पंपाचा दट्ट्या) फक्त तो बुडबुडा दाबतो आणि सोडतो, नोझल उघडतच नाही.

वायसर, रबर, क्लिपा

आता खर्च सुरू, पण किरकोळ.

फिल्टर नवा टाका आणि जुन्याची रबरी रिंग वरच्या झाकणाला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की हवा हमखास जाते. नवी रिंग डिझेलने ओली करून बसवा. खाली पाण्याचा नळ असेल तर काचेच्या बाटलीत थोडं काढून दहा मिनिटं ठेवा. तळाला पाणी बसतं. काळं, दह्यासारखं गाठाळ काही आलं तर टाकी धुवावी लागेल. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पाण्याच्या थरावर ही घाण वाढते.

मग पाइपांच्या टोकांना असलेल्या पोकळ बोल्टांचे तांब्याचे वायसर. प्रत्येक बोल्टला दोन, पाइपाच्या दोन्ही बाजूंना. एकदा दाबलेला वायसर पुन्हा तसाच लावू नका, त्याला बोल्टाचा ठसा पडलेला असतो आणि तांबं कडक झालेलं असतं. रात्री दुकान बंद असेल तर वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं आणि काम भागतं. पण नवे मिळत असतील तर नवेच. बोल्ट बेताने घट्ट करा. ताकद लावून फिल्टरच्या डोक्याचे आटे गेलेल्या गाड्या मी बऱ्याच बघितल्या आहेत.

रबरी पाइप बोटांनी वाकवून बघा. करकर आवाज आला किंवा वाकलेल्या जागी रेषा दिसल्या तर बदला. क्लिपच्या खालचा भाग क्लिप काढूनच बघायचा, चीर तिथेच लपते. नोझलवरून परत जाणारे बारीक, कापडी वेष्टनाचे रिटर्न पाइपही सोबतच बदला. मीटरभर पाइपात सगळं होतं. रिटर्न तर टाकीकडे जातो, त्याचा काय संबंध, असं लोक विचारतात. गाडी उभी असताना तिथून हवा शिरली तरी डिझेलचा धागा तुटतो आणि ते खाली उतरतं.

नव्याने रस्त्यावर आणलेल्या गाड्यांत अजून एक कारण आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ चं डिझेल मिळतं, त्यात सल्फर १० पीपीएमपर्यंतच. त्याआधी बीएस-४ मध्ये ५० होतं. जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेली म्हातारी रबरं वेगळ्या घडणीच्या नव्या डिझेलमध्ये आक्रसू शकतात. २०१९ पासून उभ्या असलेल्या गाडीने तर हे डिझेल कधी बघितलेलंच नसतं. म्हणून अशी गाडी आली की हँड पंपाची, फिल्टरची, पाइपांची सगळी रबरं मी एकदमच बदलतो, एकेक करून नाही.

हे झालं की एअर काढा. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन आटे सैल करा आणि हँड पंप मारत राहा. आधी फेस येईल, साबणाच्या पाण्यासारखा पांढुरका, मग बुडबुडे, मग नुसती काचेसारखी धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. शंभर वेळा मारूनही बुडबुडे थांबत नसतील तर ओढीच्या बाजूला भोक शिल्लक आहे.

पारदर्शक पाइप आणि कॅन

हार्डवेअरच्या दुकानातून डिझेलला चालेल असा, तुमच्या पाइपाच्या मापाचा पारदर्शक पाइप हातभर घ्या. फीड पंपात जाणाऱ्या लाइनमध्ये तो जोडा आणि इंजिन चालू ठेवून टॉर्चने बघा. सुरू केल्यावर दोन-चार बुडबुडे जातील, ते सोडून द्या. पाच मिनिटांनीही मोहरीएवढे बुडबुडे माळेसारखे येत राहिले तर हवा त्या जागेच्या मागे, म्हणजे टाकीकडून येते आहे. तिथे स्वच्छ आणि फिल्टरनंतर बुडबुडे, तर दोष फीड पंप, हँड पंप किंवा फिल्टरच्या सांध्यात. पाइप पंख्यापासून आणि एक्झॉस्टपासून लांब बांधा, आणि तपासणी झाली की काढून टाका. तो कायमचा ठेवायचा नाही.

मग कॅन. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्या, फीड पंपापेक्षा उंच जागी घट्ट बांधा, आणि टाकीकडून येणारी लाइन सोडून पंपाला थेट कॅनचा पाइप जोडा. गाडी रात्रभर तशीच, अंगणात. सकाळी पहिल्या सेल्फला घेतली तर फीड पंपापासून पुढचं बहुतेक सगळं सुटलं, दोष टाकी आणि मधल्या लाइनमध्ये. एका सकाळीवर जाऊ नका, दोन-तीन दिवस बघा. अशी गाडी रस्त्यावर मात्र काढायची नाही.

काटोलच्या गाडीत मी ही पायरी सोडली. वायसर, पाइप, फिल्टर केलं, फीड पंप माझ्या पदरचा नवा टाकला, तरी फोन यायचा. शेवटी कॅन लावला आणि तिन्ही सकाळी गाडी चावीला सुरू. कॅन काढून लाइन जोडली, पारदर्शक पाइपात माळ. तेव्हा मालकाचा मुलगा म्हणाला, "भाऊ, टाकी फुल्ल असली का त्रास नाही देत. अर्धी झाली का देते." वीस लिटर टाकलं. बघता बघता पाइपातली माळ तुटली आणि थांबली.

टाकी उतरवली. आत तळापर्यंत जाणारी ओढीची नळी बाहेर काढली तर मधोमध तांबूस पट्टा होता, बोटभर रुंद. पाच वर्षं डिझेलची पातळी त्याच जागी होती, वर दमट हवा, खाली डिझेल. नुसत्या डोळ्यांना भोक दिसलं नाही. नळीचं एक टोक बोटाने दाबून, पंक्चरवाल्यासारखं पाण्यात बुडवून सायकलच्या पंपाने हळूच हवा दिली, आणि त्या पट्ट्यातून सुईच्या टोकाएवढी बुडबुड्यांची रेघ वर आली. डिझेल भोकाच्या वर असेपर्यंत नळी डिझेल ओढायची, खाली गेलं की हवा. नळी बदलली, जाळी साफ केली. त्यानंतर त्या गाडीने पूर्ण आंबिया बहार नागपूरच्या कळमना बाजारात माल नेला.

टाकी उतरवायची तर जवळजवळ रिकामी करून, खाली आधार देऊन उतरवा. आजूबाजूला विडी, वेल्डिंग, ग्राइंडर नको.

फीड पंप

एवढं करूनही हँड पंप सकाळी पोकळच लागत असेल, तर फीड पंपाचे व्हॉल्व्ह बघा. डिझेल मागे जाऊ न देणं हे त्यांचं काम, आणि एक कचऱ्याचा कण अडकला तरी ते बसत नाहीत. किट मिळतो, सफाईने हात चालणाऱ्याला घरी जमतं. हँड पंपाच्या मुठीखाली ओलं असेल तर त्याची रबरी रिंग गेली.

इथे थांबा

तुमचं काम इथपर्यंत.

ऑइलची दांडी काढून बघा. पातळी वाढलेली असेल, ऑइल पातळ असेल, डिझेलचा वास येत असेल, तर गाडी सुरूच करू नका. फीड पंप किंवा पंपाच्या सीलमधून डिझेल इंजिनात उतरतंय. बेअरिंग जातात, आणि इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन बेफाम सुटू शकतं. टोचन करून मेकॅनिककडे न्या.

टाकीला भोक असेल तर घराजवळच्या वेल्डरकडे नेऊ नका. रिकाम्या टाकीतल्या वाफेने स्फोट होतो. हे काम टाकी धुऊन, वाफ काढून करणाऱ्याचंच. शक्य असेल तर टाकी बदला.

एअर नाही, धूर पांढरा आहे, गाडी थंडीत एका-दोन सिलेंडरवर चालते, तर पंप, नोझल किंवा कॉम्प्रेशन. पंपाचं सील तोडून स्क्रू फिरवू नका. टेस्ट बेंचशिवाय तो पुन्हा जागेवर येत नाही. नोझल उघडून फवारा बघायचा मोह होतो. त्या फवाऱ्यासमोर हात नेऊ नका. डिझेल कातडीतून आत शिरतं, बाहेर फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आणि काही तासांत हात सुजतो. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखान्यात जा आणि "दाबाचं डिझेल शिरलं" असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

एअर फिल्टर काढून पेट्रोलचं फडकं धरायची किंवा स्टार्टिंग स्प्रे मारायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. हिटर असलेल्या गाडीत त्याने इनटेकमध्येच भडका होतो. हिटर नसलेल्या गाडीतही पिस्टन आणि रिंगांना मार बसतो. कोणी करायला आलं तर नाही म्हणा.

पंपवाल्याकडे जायची वेळ आलीच, तर नागपूरजवळच्या वाडीच्या बाजूला किंवा शहरात कुठेही जा, पण पंप आणि नोझल दोन्ही एकत्र द्या. टेस्ट बेंचवरचं प्रत्येक सिलेंडरचं माप कागदावर मागा, आणि बदललेले जुने भाग परत घ्या. सोबत तुमची वहीही न्या: कुठल्या सकाळी किती सेकंद लागले, टाकीत किती होतं, हँड पंप पोकळ लागला की कडक.